पगारपत्रकातली एक ओळ

पगाराची स्लिप माणूस खालून वर वाचतो. आधी हातात किती पडणार तो आकडा, आणि तो मनासारखा नसला की नजर एकेक कपात चढत वर जाते. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते. त्यांच्या जुन्या स्लिपा आईने एलआयसीच्या फोल्डरमध्ये जपून ठेवल्यात. मध्यंतरी त्या चाळत बसलो होतो. भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, व्यवसाय कर, पतपेढीचा हप्ता, कँटीन. आणि सगळ्यांत शेवटी, चहाच्या दोन कपांइतक्या रकमेची एक ओळ: युनियन.

बाकीच्या कपातींचं नवल वाटत नाही. व्यवसाय कराची तेवढी एक गंमत आहे. महिन्याला २०० रुपये जाणारा हा कर फेब्रुवारीत ३०० होतो, कारण वर्षाला २,५०० भरायचे असतात आणि अकरा महिन्यांत २,२००च जमतात. पण ते पैसे कुठे जातात ते सगळ्यांना ठाऊक असतं. युनियनच्या ओळीशी मात्र मी अडखळलो. हे पैसे कापणार कोण? कंपनी. जमा करून, बेरीज जुळवून, चेक लिहिणार कोण? कंपनीच. आणि तो चेक जाणार कुणाकडे? त्याच कंपनीच्या गेटवर तिच्याच नावाने शंख करणाऱ्या मंडळींकडे. ज्याच्यावर मोर्चा न्यायचा, त्याच्याच हिशेबनिसाने मोर्चाची वर्गणी गोळा करून द्यायची! गणपती मंडळाला अशी सोय मिळाली असती, तर पावती पुस्तक घेऊन जिने चढणारी पोरं केव्हाच घरी बसली असती.

या व्यवस्थेला इंग्रजीत ‘चेक-ऑफ’ म्हणतात आणि आपल्याकडच्या युनियनवाल्यांच्या तोंडीही तोच शब्द आहे. ही एक ओळ छापायची की नाही यावरून जगभर खटले झालेत. त्यातला एक खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२४मध्ये निकाली निघाला. तो वाचत गेलो तेव्हा त्याच्या पोटात दीडशे वर्षांपूर्वीचे दोन व्याही, एक कोळसेवाला आणि हिंदुस्थानातली एक बेगम निघाली. त्यांची गाठ एका कपातीशी कशी पडली, ते सांगतो.

पण आधी पावतीची गोष्ट. चेक-ऑफ नव्हता तेव्हा वर्गणी पावती फाडून घेतली जायची, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही तशीच घेतली जाते. ‘यंदा कुणाची पावती फाडलीस?’ म्हणजे ‘तू कुठल्या युनियनचा?’ पगाराच्या दिवशी खिडकीपासून चार पावलांवर खात्याचा प्रतिनिधी उभा. हातात पुस्तक, कानावर पेन, पानांमध्ये कार्बन. माणूस नोटा मोजत वळला की समोर हाच. कुणी हसून देणार, कुणी ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणणार, कुणी पाण्याच्या टाकीमागून निसटणार. महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात तर हा हक्कच लिहून ठेवलाय: मान्यताप्राप्त युनियनच्या माणसाला, जिथे पगार वाटला जातो त्याच आवारात सभासदांकडून वर्गणी गोळा करता येते. वर्गणी किमान किती असावी तेही त्यात आहे. महिन्याला पन्नास पैसे.

त्या पन्नास पैशांसाठी दर महिन्याला शेकडो माणसांसमोर हात पसरायचा हे किती जिकिरीचं, ते वर्गणी गोळा केलेल्यालाच कळेल. म्हणून युनियनांना चेक-ऑफ हवासा वाटतो. पण जुने कार्यकर्ते याबाबत कुरकुरतात, आणि त्यांच्या कुरकुरीत तथ्य आहे असं मला वाटतं. पावती फाडताना माणूस दोन शब्द बोलतो. फोरमनची तक्रार सांगतो, ओव्हरटाइमचं रडगाणं गातो. कपात सुरू झाली की पैसे येतात, पण माणूस भेटत नाही.

कायद्याला तर ही भानगड सुरुवातीपासून संशयास्पद वाटत आली आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. इंग्लंडमध्ये एकेकाळी मालक मजुरी नाण्यांऐवजी मालात द्यायचे, किंवा आपल्याच दुकानातली उधारी मजुरीतून वळती करून घ्यायचे. त्याला आळा घालायला १८३१चा ‘ट्रक ॲक्ट’ आला. यातल्या ‘ट्रक’चा मालमोटारीशी संबंध नाही, ती जुनी अदलाबदल. मजुरी रोख द्या आणि पूर्ण द्या, असा त्याचा रोख. मग प्रश्न असा पडला, की कामगारानेच सांगितलं ‘माझ्या मजुरीतले एवढे पैसे अमक्याला द्या’, तर ती कपात धरायची का? १८९४मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ह्युलेट विरुद्ध ॲलन या खटल्यात उत्तर दिलं. तिथे पैसे आजारपण आणि अपघात निधीला जात होते. माझ्या सांगण्यावरून तुम्ही दुसऱ्याला दिलेत, म्हणजे ते मलाच दिल्यासारखे, असं न्यायाधीश म्हणाले. साधं वाक्य आहे, पण ‘तिसरा माणूस’ पगाराच्या हिशेबात आला तो या दारातून.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेला १९३६चा वेतन प्रदान कायदाही संशयानेच सुरू व्हायचा. पगारातून काहीही कापायचं नाही, खाली दिलंय तेवढंच काय ते कापा. आणि मग खाली यादी: दंड, गैरहजेरी, कंपनीचं घर, आगाऊ उचल, सहकारी सोसायटी. सोसायटीची कपात असेल तर सगळ्या कपाती मिळून पगाराच्या ७५ टक्क्यांपर्यंत, एरवी ५० टक्क्यांपर्यंत. युनियनची वर्गणी या यादीत यायला १९८२ साल उजाडलं. तोवर अक्षरं वापरून झाली होती, म्हणून नवं कलम मधल्या फटीत घुसवलं आणि त्याचं नाव पडलं सात-दोन-‘केकेके’. त्याच्या आधीचं कल्याण निधीचं कलम ‘केके’. ‘केकेके’ म्हणायचं, की कामगाराने लेखी संमती दिली असेल, तर नोंदणीकृत युनियनची वर्गणी पगारातून कापता येईल. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईतले गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले होते, आणि कायद्याच्या पुस्तकात त्यांची प्रतिनिधी युनियन वेगळीच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, होती. वर्गणीचा कागद एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, याचं इतकं मोठं उदाहरण दुसरं सापडणार नाही.

ऑस्ट्रेलियात या ओळीने न्यायाधीशांना जवळजवळ तत्त्वज्ञानात ढकललं. १९७२ सालची गोष्ट. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेला वर्गणी पगारातून कापून हवी होती. मागणी लवादापुढे गेली आणि एएनझेड बँकेने हायकोर्ट गाठलं. (तिथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट.) प्रश्न असा, की हा वाद ‘मालक आणि नोकर यांच्या नात्याचा’ आहे का? लवादाला तेवढ्याच वादांत हात घालता येत असे. कोर्ट म्हणालं, नाही. पगार ठरवताना आणि देताना बँक मालक असते. पण तुमच्या सांगण्यावरून तुमचे पैसे तिसऱ्याला पोचवते तेव्हा ती तुमची मुनीम झालेली असते. माणूस तोच, टेबल तेच, फक्त डोक्यावरची टोपी बदललेली. आणि मुनिमाशी असलेल्या नात्याचा वाद कामगार लवादापुढे चालत नाही. आता तक्रार करणारे लोक बँकेतलेच, लोकांचे पैसे इकडून तिकडे पोचवणं हाच त्यांचा रोजचा धंदा. तरी त्यांना उत्तर हे मिळालं! तिथल्या संसदेने २००९च्या कायद्यात ‘पगारातली कपात हाही कराराचा विषय होऊ शकतो’ असं साफ लिहून तो घोळ मिटवला.

आता लंडन.

ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांची ‘पब्लिक अँड कमर्शियल सर्व्हिसेस युनियन’ नावाची मोठी संघटना आहे. तिथे तिला पीसीएस म्हणतात. ती १९९८मध्ये दोन जुन्या संघटना एकत्र येऊन झाली. पण सरकारी खात्यांमध्ये युनियनची वर्गणी पगारातून कापायची पद्धत १९६०च्या दशकापासूनची. खात्याच्या कर्मचारी-नियमावलीत ती लिहिलेली असायची: सभासदाला हवं असेल तर वर्गणी पगारातून वळती होईल. कुणाला त्यात विशेष वाटत नव्हतं. १९९३मध्ये सरकारने मध्येच एक खोडा घातला, की सभासदाची संमती दर तीन वर्षांनी नव्याने घ्यायची. लाखो फॉर्म पुन्हा भरायचे! १९९८मध्ये तो काढूनही टाकला.

मग २०१३-१५च्या सुमारास एकेका खात्याने जाहीर केलं, की आम्ही चेक-ऑफ बंद करतोय. कारण असं दिलं, की आता प्रत्येकाचं बँकेत खातं आहे, डायरेक्ट डेबिटने थेट भरा, सरकारचा पगार विभाग यात कशाला? ऐकायला रास्त. पण जे माणूस आपोआप करत असतो, ते मुद्दाम करायला सांगितलं की सगळे करत नाहीत. जिमची वर्गणी आठवा. युनियनला हजारो सभासदांना एकेक करून गाठून बँकेच्या फॉर्मवर सह्या घ्याव्या लागल्या. पुन्हा पावती पुस्तकाचा जमाना.

पीसीएस कोर्टात गेली. २०१३मध्ये स्थानिक स्वराज्य खात्याविरुद्ध जिंकली, २०१६मध्ये श्रम आणि पेन्शन खात्याविरुद्ध जिंकली. मग पर्यावरण खातं, महसूल खातं आणि गृहखातं यांच्याविरुद्धचा खटला वरच्या कोर्टांत सरकत गेला. आणि तिथे तो प्रश्न नीट उघडा पडला, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

नियमावली हा नोकरीच्या कराराचा भाग. ठीक. त्यात वर्गणी कापू असं वचन आहे. ठीक. ते मोडलं, म्हणजे करारभंग झाला. तेही ठीक. पण करार कुणाकुणात? खातं आणि कर्मचारी यांच्यात. युनियन त्यात पक्षकार नाही. मग कर्मचाऱ्याने दावा लावावा. लावला, तर न्यायाधीश पहिला प्रश्न विचारणार: तुमचं नुकसान किती झालं?

तर कर्मचाऱ्याचं नुकसान शून्य! उलट त्या महिन्यात वर्गणी कापली गेली नाही म्हणून त्याच्या हातात थोडे पैसे जास्तच आले. खड्डा पडला तो युनियनच्या तिजोरीत. आणि युनियनला तर कुणी वचनच दिलेलं नाही. ज्याला वचन दिलं त्याला झळ नाही, ज्याला झळ बसली त्याला वचन नाही. असा करार कितीही वेळा मोडा, दाद मागायला कुणी पात्रच नाही. ही फट मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी वाचन थांबवून चहा केला.

इंग्रजी कायद्यात ही फट जुनी आहे, आणि तिची मूळ कहाणी लग्नाची आहे. विल्यम ट्वेडल नावाच्या तरुणाचं लग्न झालं. नंतर मुलाचा बाप आणि मुलीचा बाप, दोन्ही व्याही, एकत्र बसले आणि त्यांनी लेखी ठरवलं, की मुलीचे वडील गाय यांनी जावयाला २०० पौंड द्यायचे आणि मुलाच्या बापाने १००. व्याही हुशार होते. कागदावर त्यांनी हेही लिहून ठेवलं, की पैसे न मिळाल्यास जावयाला कोर्टात जायचा पूर्ण अधिकार राहील. गाय पैसे न देताच वारले. जावयाने त्यांची मालमत्ता सांभाळणाऱ्या ॲटकिन्सनवर दावा लावला. १८६१मध्ये कोर्टाने तो फेटाळला. करार दोन बापांत झाला. जावई त्याला परका, त्याने मोबदला म्हणून काही दिलेलं नाही. कागदावर त्याचं नाव होतं, रक्कम होती, दावा लावायची मुभाही होती, आणि तरी तो परकाच.

शंभर वर्षांनी याचंच दुसरं रूप आलं. पीटर बेझविक हा लँकेशरमधला कोळसेवाला. वय सत्तरीपुढे, एक पाय कापलेला. धंद्याची सगळी मालमत्ता म्हणजे एक लॉरी, तराजू आणि वजनं. १९६२मध्ये त्याने धंदा पुतण्याला दिला. अट अशी, की काका जिवंत असेपर्यंत पुतण्याने त्याला आठवड्याला साडेसहा पौंड द्यायचे आणि काकाच्या मागे काकूला पाच. काका पुढच्याच वर्षी गेला. पुतण्याने काकूला पाच पौंड एकदा दिले आणि हात झटकले. आपल्याकडे भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्याला यात नवीन काही नाही. पण कायद्याचा पेच बघा. काकू कराराला परकी, म्हणजे स्वतःच्या नावाने तिला काही नाही. काकाच्या इस्टेटीची व्यवस्थापक म्हणून ती दावा लावू शकते, पण इस्टेटीचं नुकसान किती? शून्य. पैसे इस्टेटीला मिळायचेच नव्हते. इथेही वचन एकाला आणि उपासमार दुसऱ्याची. १९६७मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने पळवाट शोधली: भरपाई क्षुल्लक ठरते म्हणूनच, भरपाईऐवजी पुतण्याने ठरलेले पैसे प्रत्यक्ष देत राहावे असा हुकूम. काकूला न्याय मिळाला, पण नवऱ्याच्या नावाआडून.

आणि आता आपली बेगम, हुसैनी बेगम. १८७७मध्ये उत्तर हिंदुस्थानातल्या दोन मुसलमान घराण्यांत लग्न ठरलं. वर-वधू दोघंही अल्पवयीन. वराच्या बापाने वधूच्या बापाशी करार केला, की सुनेला दरमहा ५०० रुपये ‘खर्च-ए-पानदान’ देईन. पानदानाचा खर्च म्हणजे बाईच्या हातखर्चाला दिलेलं खानदानी नाव. १८७७मध्ये ५०० रुपये म्हणजे पानदान चांगलंच मोठं असणार. पुढे संसार मोडला, सून घर सोडून गेली, आणि तिने सासऱ्यावर थकलेल्या रकमेचा दावा लावला. सासरा म्हणाला, करार माझ्यात आणि तुझ्या बापात; तू कोण? अगदी जावई ट्वेडलला मिळालेलं उत्तर. खटला लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला, आणि १९१०मध्ये त्यांनी बेगमच्या बाजूने निकाल दिला. म्हणाले, इंग्लंडचा तो नियम इथे चालायचा नाही. ज्या समाजात आईबाप मुलांची लग्नं ठरवतात आणि लग्नाचे करार करतात, तिथे ज्याच्यासाठी करार झाला त्यालाच परका म्हटलं तर घोर अन्याय होईल. एकाच शहरात, जावई परका आणि हुसैनी बेगम आपली. इंग्लंडला आपल्या जावयासाठी हेच करायला १९९९ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी ब्रिटिश संसदेने तिसऱ्या व्यक्तीच्या हक्कांचा कायदा केला. तो छोटाच आहे. करारातली एखादी अट तिसऱ्याच्या फायद्याची दिसत असेल, तर तो तिसरा ती स्वतः अमलात आणून घेऊ शकतो. अपवाद एकच: करार करणाऱ्या दोघांना तसं अभिप्रेत नव्हतं, हे करार नीट वाचल्यावर दिसलं तर. याच कायद्यात एक कलम मला फार आवडलं. नोकरीच्या करारातली अट कुठल्याही तिसऱ्याला नोकराविरुद्ध वापरता येणार नाही. मालकाविरुद्ध मात्र तशी बंदी नाही. कायदा लिहिणाऱ्याने हे वाक्य लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर युनियनची वर्गणी नसेलही. पण दार उघडं राहिलं, आणि पंधरा वर्षांनी पीसीएस त्यातून आत आली.

वर्गणी कापून युनियनला देऊ, ही अट युनियनच्या फायद्याची आहे हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. सरकारने त्यावर फार वाद घातला नाही. सरकारचा भर अपवादावर होता, आणि त्याचा युक्तिवाद टाकाऊ नव्हता. ही पद्धत सुरू झाली १९६०च्या दशकात, म्हणाले. त्या काळी ब्रिटनमधल्या युनियनांना कोर्टाची पायरी नकोच होती. मालकाशी झालेले सामूहिक करार कोर्टात चालत नाहीत असं तिथला कायदाही धरून चालतो. वचन मोडलं तर युनियन संप करील, दावा लावणार नाही, हीच दोघांची समजूत. मग आता अर्धशतकानंतर तीच युनियन कराराचा आधार घेऊन कोर्टात कशी येते? तुम्हाला कायदा नको होता ना? अपील कोर्टाला हे पटलं आणि सरकार जिंकलं.

सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते उलटवलं. त्यांचं म्हणणं मला समजलं ते असं. गृहीत तिसऱ्याच्या बाजूने आहे, आणि ते जोरदार आहे. ते खोडायची जबाबदारी सरकारची. युनियन आणि सरकार यांच्यातला सामूहिक करार कोर्टात चालत नसेल, पण इथे तो अमलात आणायला कुणी आलेलंच नाही. इथे आहे कर्मचाऱ्याचा स्वतःचा नोकरीचा करार, आणि तो तर पक्का बंधनकारक. त्यात युनियनने दावा लावू नये असं कुठे दिसतंय? दिसत नाही. मग गृहीत उभं राहतं आणि युनियनला स्वतःच्या नावाने दाद मागता येते. जावई ट्वेडलला कागदावर लिहूनही जे मिळालं नव्हतं, ते पीसीएसला न लिहिताच मिळालं.

सरकार काही हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. २०१६च्या कायद्यात चेक-ऑफवर निर्बंध आणायची तरतूद झालीच होती, आणि मे २०२४पासून नियम लागू झाले, की सार्वजनिक क्षेत्रात कपात करायची तर त्याचा वाजवी खर्च युनियनने भरायचा आणि सभासदाला दुसरा मार्गही खुला हवा. निकाल जुन्या करारांबद्दलचा, नियम पुढच्या दिवसांचा.

या गोष्टीचं आरशातलं रूप मुंबईत सापडतं, आणि ते लंडनच्या चाळीस वर्षं आधीचं. बामर लॉरी कंपनीत दोन युनियन होत्या. मान्यताप्राप्त युनियनने कंपनीशी पगारवाढीचा करार केला. त्यात एक कलम असं, की कामगारांना मिळणाऱ्या फरकाच्या रकमेतून १५ टक्के कापून युनियनच्या निधीत द्यायचे. फरक म्हणजे मागच्या तारखेपासूनच्या वाढीची एकरकमी थकबाकी. तिच्यावर घरोघरी आधीच बेत ठरलेले असतात. कुणाचा पंख्याचा, कुणाचा बहिणीच्या लग्नाचा. आणि कपात सगळ्यांची, सभासद असो वा नसो. दुसरी युनियन कोर्टात गेली: आमच्या माणसांनी यावर सही केलेली नाही, लेखी संमती नाही, कायद्याच्या यादीत हे बसत नाही. १९८४मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं. न्यायमूर्ती देसाईंनी म्हटलं, की पगारवाढ सगळ्यांना मिळाली, करार सगळ्यांना बांधतो, आणि ही कपात त्याच एकत्रित समझोत्याचा भाग आहे. ती सक्तीची वसुलीही नाही आणि करही नाही.

मला हा निकाल पचायला जड जातो, प्रांजळपणे सांगतो. लंडनमध्ये करारात नसलेल्याला करारातून मिळालं. मुंबईत करारात नसलेल्याच्या खिशातून गेलं. युक्तिवाद समजतो. वाढ घ्यायची आणि लढणाऱ्याला पाणीही विचारायचं नाही, हे बरोबर नाही. पण १५ टक्के! पन्नास पैशांच्या पावतीला पाण्याच्या टाकीमागून निसटणाऱ्या माणसाला इथे निसटायला टाकीच उरली नाही.

आपल्याकडे या ओळीचं आणखी एक काम आहे, जे ब्रिटनमध्ये तिला कधी करावं लागलं नाही. ती मतही असते. केंद्र सरकारच्या १९९३च्या नियमांनुसार कर्मचारी संघटनेला मान्यता हवी असेल, तर तिच्याकडे त्या वर्गातल्या किमान ३५ टक्के कर्मचाऱ्यांची सभासदसंख्या लागते. दुसऱ्या क्रमांकाच्या संघटनेला १५ टक्के. आणि ही संख्या मोजायची कशी? पगारपत्रकातल्या कपातींवरून. म्हणजे पगार विभागातला कारकून स्लिपा छापता छापता निवडणूकही घेत असतो, आणि मत गुप्त नसतं. कोण कुठल्या युनियनचा ते साहेबाच्या टेबलावर महिन्याच्या महिन्याला येतं. म्हणूनच फूड कॉर्पोरेशनच्या वादात १९९५मध्ये सुप्रीम कोर्टाने गुप्त मतदानाची रीत घालून दिली, आणि रेल्वेत तर मान्यतेसाठी खरोखरच्या मतपेट्या लागतात.

हे सगळं वाचून झाल्यावर मी पुन्हा आईचा तो फोल्डर काढला. ‘केकेके’ला लेखी संमती लागायची, तर वडिलांची कुठेतरी असायला हवी. स्लिपांच्या तळाशी, नेमणूकपत्राला टाचलेली, पिवळी पडलेली अर्धी फुलस्केप सापडली. टाइप केलेला एकच परिच्छेद: माझ्या पगारातून दरमहा वर्गणी कापून युनियनला द्यावी, मी लेखी कळवेपर्यंत. खाली कंपनीचं नाव, त्याखाली युनियनचं नाव, आणि दोन्हींपुढे सहीसाठी आखलेल्या रेघा. त्या रेघा कोऱ्याच राहिल्यात. सही एकच आहे, सर्वांत खाली, निळ्या शाईत, आडनावाचा शेवटचा फराटा कागदाबाहेर गेलेली.